एक अरबी पुरस्कार आणि चार ख्रिस्ती माणसे

'अरबी' हा शब्द उच्चारला की आपल्या घरांतून बहुधा मशिदीचा मिनार डोळ्यांसमोर उभा राहतो. अरब म्हणजे मुसलमान हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे, की कुवेत वा बहारीनला वर्षानुवर्षे नोकरी करून आलेली आपली माणसे जेव्हा सांगतात, "अहो, तिथल्या चर्चमध्ये अरबी भाषेतही मिस्सा होते," तेव्हा ऐकणारा क्षणभर चमकतो. आम्हीही चमकलो होतो. वास्तविक पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रेषितांचे बोल आपापल्या भाषेत ऐकणाऱ्यांच्या यादीत अरबांचा उल्लेख आहेच. पण यादीतली नावे वाचताना आपण घाईने पुढे जातो.

अरबी भाषेतील समकालीन कादंबऱ्यांना दिल्या जाणाऱ्या एका पुरस्काराचा इतिहास चाळताना हे समीकरण आमच्या मनातून कायमचे पुसले गेले. त्याचीच ही हकीकत आहे.

कैरो लिहिते, बैरूत छापते आणि बगदाद वाचते, अशी अरब जगात एक जुनी म्हण आहे. कादंबरी हा प्रकार अरबीत रुजला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तो रुजविणाऱ्यांत बैरूतच्या ख्रिस्ती लेखकांचा वाटा मोठा होता. खलील अल-खूरी यांनी आपल्या वृत्तपत्रातून १८५९च्या सुमारास कादंबरी क्रमशः छापायला घेतली. (आपल्याकडे बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. दोन्हीकडचे लेखक ख्रिस्ती असावेत हा योगायोग आम्हांला मोठा गोड वाटतो.) पुढे जुर्जी झैदान या बैरूतच्या ख्रिस्ती लेखकाने कैरोत १८९२ साली 'अल-हिलाल' हे मासिक काढले आणि इस्लामच्या इतिहासावर वीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. ख्रिस्ती माणसाने मुसलमानांचा इतिहास सांगावा आणि मुसलमान वाचकांनी तो आवडीने वाचावा, असे ते दिवस होते.

नजीब महफूझ यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि अरबी कादंबरीकडे जगाचे लक्ष गेले. कैरोतील अमेरिकन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने १९९६ पासून त्यांच्या नावाने पदक सुरू केले. परंतु साऱ्या अरब जगात ज्याची दरवर्षी वाट पाहिली जाते, ज्याच्यावरून वादही झडतात, तो पुरस्कार यानंतरचा. २००७ साली अबू धाबी येथे 'आंतरराष्ट्रीय अरबी कथासाहित्य पुरस्कारा'ची स्थापना झाली. लंडनच्या बुकर प्रतिष्ठानाने मार्गदर्शन केले आणि पैसा अमिरातीचा, म्हणून लोक त्याला 'अरबी बुकर' म्हणू लागले. कादंबऱ्या पाठवायच्या त्या प्रकाशकांनी. पाच परीक्षक, आणि त्यांची नावे बराच काळ गुप्त. आधी एक लांब यादी, मग सहा कादंबऱ्यांची आखूड यादी, आणि शेवटी विजेता. सहाही जणांना दहा हजार डॉलर आणि विजेत्याला आणखी पन्नास हजार. विजेत्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद व्हावा याचीही तजवीज असते. पहिला पुरस्कार २००८ साली इजिप्तचे बहा ताहिर यांना मिळाला. कैरो, बैरूत, बगदाद ही अक्षरांची जुनी माहेरघरे आणि निवाडा मात्र तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या नव्या नगरीत, ही गोष्ट अनेक अरब लेखकांना खुपली. खुपणे स्वाभाविक होते. तरी कादंबऱ्या पाठवायचे कोणी थांबवले नाही.

दुसऱ्याच वर्षी, २००९ साली, पुरस्कार मिळाला युसुफ झैदान यांच्या 'अझाझील' या कादंबरीला. झैदान मुसलमान, अलेक्झांड्रियाच्या नव्या ग्रंथालयातील हस्तलिखितांचे अभ्यासक. कादंबरीचा नायक मात्र पाचव्या शतकातील इजिप्शियन ख्रिस्ती संन्यासी हिपा. अलेप्पोजवळ सिरियाक भाषेतील काही गुंडाळ्या सापडल्या, त्याच येथे भाषांतरित केल्या आहेत, अशी कादंबरीची बतावणी आहे. 'अझाझील' हे नाव आपल्या परिचयाचे असायला हवे. लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात लोकांच्या पापांचा भार घेऊन रानात सोडलेल्या बोकडाच्या संदर्भात ते येते. कादंबरीत तो सैतान आहे, आणि 'लिही' म्हणून तोच हिपाच्या मागे लागतो.

हिपा वैद्यक शिकायला अलेक्झांड्रियाला येतो आणि इ. स. ४१५ मध्ये हिपेशिया या विदुषीची ख्रिस्ती जमावाने केलेली हत्या त्याच्या डोळ्यांदेखत घडते. तो काहीच करू शकत नाही. शहर सोडताना तिच्या नावाचा अर्धा तुकडा तो स्वतःचे नाव म्हणून घेतो. पुढे जेरुसलेममध्ये त्याची नेस्तोरियसशी मैत्री होते. हाच नेस्तोरियस कॉन्स्टँटिनोपलचा प्रमुख धर्माचार्य झाला, आणि मरियेला देवमाता न म्हणता ख्रिस्तमाता म्हणावे या मतामुळे ४३१च्या एफेसस परिषदेत दोषी ठरला. त्याच्याविरुद्ध उभे होते अलेक्झांड्रियाचे संत सिरिल.

येथे आमच्यासारख्या वाचकाची पंचाईत होते. प्रत्येक 'नमो मरिया'त आपण ज्या बिरुदाने पवित्र मरियेला हाक मारतो, त्या बिरुदाची लढाई सिरिल यांनी लढविली. आपली ख्रिस्तसभा त्यांचा सण पाळते. आणि या कादंबरीत तेच सिरिल अहंकारी, निष्ठुर, जमावाला चिथावणारे असे उभे राहतात, तर पाखंडी ठरलेला नेस्तोरियस सौम्य आणि सुजाण. इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती समाजात मोठा क्षोभ झाला. त्यांच्या सिनॉडचे त्या वेळचे सचिव बिशप बिशोय यांनी प्रत्युत्तरादाखल ग्रंथच लिहिला. आधीच अल्पसंख्य आणि दबलेल्या समाजाचा सर्वांत थोर संत बहुसंख्यांपैकी एकाने खलनायक करावा आणि त्यावर राजवैभवाने पारितोषिक मिळावे, यातील वेदना आम्हांला समजते.

तरीही संपूर्ण कादंबरी वाचल्यावर आमचे मत थोडे निराळे झाले. इतिहासाच्या कसोटीवर झैदान एकांगी आहेत हे खरेच. हत्येची आज्ञा सिरिल यांनी दिली असे तत्कालीन इतिहासकार सॉक्रेटिस म्हणत नाही. दोष देतो तो बऱ्याच काळानंतरचा तत्त्वज्ञ दमास्कियस, आणि तो ख्रिस्ती नव्हता. परंतु या कृत्याने सिरिल आणि अलेक्झांड्रियाची ख्रिस्तसभा यांना मोठा कलंक लागला, असे तोच सॉक्रेटिस स्वच्छ लिहितो, आणि तो स्वतः ख्रिस्ती होता. म्हणजे झैदान यांच्या कितीतरी आधी आपल्यातल्याच एकाने हे लिहून ठेवले आहे. शिवाय हिपा हा विदूषक नाही किंवा ढोंगीही नाही. तो प्रार्थना करणारा, रोग्यांची शुश्रूषा करणारा, मोहात पडणारा आणि रडणारा माणूस आहे. अरबीत लाखो मुसलमान वाचकांनी एका ख्रिस्ती संन्याशाच्या अंतःकरणात शिरून चारशे पाने काढली, ही गोष्ट लहान नव्हे.

नेस्तोरियसच्या या वादाचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. त्याला गुरुस्थानी मानणारी इराण-इराकमधील पूर्वेची ख्रिस्तसभा समुद्रमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने 'कल्लियाना' येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा पोर्तुगीज येण्यापूर्वी हजार वर्षे या किनाऱ्यावर ज्यांनी प्रार्थना केली, ते एफेससमध्ये हरलेल्या बाजूचे लोक असावेत. त्या बाजूशी रोमने हात मिळवले ते ११ नोव्हेंबर १९९४ रोजी. त्या दिवशी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या ख्रिस्तसभेचे मार दिन्खा चौथे यांनी ख्रिस्ताविषयीच्या समान श्रद्धेच्या घोषणेवर सह्या केल्या. समेट व्हायला पंधराशे त्रेसष्ट वर्षे लागली.

२०१२ सालचे विजेते बैरूतचे रबी जाबिर. त्यांच्या 'बेलग्रादचे द्रूझ' या कादंबरीची पार्श्वभूमी १८६० सालची आहे. लेबनॉनच्या डोंगरात द्रूझ आणि ख्रिस्ती यांच्यात भयंकर कत्तल झाली आणि तुर्की सरकारने अनेक द्रूझांना हद्दपारीची शिक्षा दिली. एका द्रूझ शेखाने लाच देऊन आपला एक मुलगा सोडविला. आता मोजदादीत एक डोके कमी पडले! बंदरावर उकडलेली अंडी विकणारा हन्ना याकूब हा ख्रिस्ती माणूस शिपायांनी धरला आणि द्रूझाच्या नावाने बोटीवर चढविला. ज्यांनी आपल्या लोकांना मारले, त्यांच्याच साखळीत बांधला जाऊन हा निरपराध माणूस बारा वर्षे बाल्कनच्या तुरुंगांत काढतो. घरी हेलेना ही बायको आणि बार्बरा ही तान्ही मुलगी. दुसऱ्याच्या जागी शिक्षा भोगणारा निर्दोष माणूस म्हटल्यावर आपल्या वाचकांना आणखी काही सांगायला नको, आणि जाबिर यांनीही ते कोठे बोलून दाखविलेले नाही.

तिसरी कादंबरी आपल्या घरांतून सर्वांत आधी वाचली जावी असे आम्हांला वाटते. कुवेतचे सऊद अल-सनूसी यांच्या 'बांबूचा दांडा' या पुस्तकाला २०१३ साली पुरस्कार मिळाला. लेखक तेव्हा तिशीच्या उंबरठ्याजवळचे. जोसेफिन ही फिलिपिन्सची कॅथलिक मुलगी कुवेतमध्ये एका प्रतिष्ठित घरी कामाला राहते. घरचा एकुलता मुलगा राशिद तिच्याशी गुपचूप लग्न करतो. मूल झाल्यावर घराण्याची अब्रू आडवी येते आणि मायलेकांची रवानगी फिलिपिन्सला होते. मुलाला दोन नावे आहेत, तिकडे होजे आणि इकडे ईसा. ईसा म्हणजे अरबी मुसलमानांच्या तोंडी येशूचेच नाव. तो मोठा होऊन बापाच्या देशात परततो तेव्हा कागदपत्रांनी तो कुवेती असतो, पण चेहऱ्याने नोकर. आजी त्याला नातू म्हणून स्वीकारायला धजत नाही, कारण शेजारी काय म्हणतील! बांबूचा तुकडा कोठेही रोवला तरी मूळ धरतो. होजेला मात्र कोठेच मूळ धरता येत नाही.

ज्यांच्या घरच्या बायका परक्यांची मुले सांभाळून आपल्या मुलांची फी भरतात, त्यांना या कादंबरीतली स्वयंपाकघरे ओळखीची वाटतील. आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती आजी केवळ कुवेतमध्येच राहते असे नाही. मुलाने वा मुलीने जातीबाहेर लग्न केले, तेव्हा बंद झालेली दारे आमच्या गावांतही आम्ही पाहिली आहेत.

पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल २०१४ रोजी, हा मान प्रथमच इराकला मिळाला. अहमद सादावी यांच्या 'बगदादमधील फ्रँकस्टाइन' या कादंबरीत काळ आहे २००५चा. रस्त्यारस्त्यांवर स्फोट होत आहेत. हादी नावाचा भंगारवाला मृतांचे विखुरलेले अवयव गोळा करून त्यांचा एक देह शिवतो, कारण त्या तुकड्यांना नीट दफन मिळावे. देह उठतो आणि सूड घेत सुटतो. भयकथा म्हणून ती गाजली, पण आमच्या मनात घर केले ते शेजारच्या जुन्या वाड्यात मांजरासह राहणाऱ्या एलिश्वा या असिरियन ख्रिस्ती म्हातारीने. असिरियन म्हणजे प्रामुख्याने त्याच पूर्वेच्या ख्रिस्तसभेची लेकरे. तिचा मुलगा दानिएल इराणच्या युद्धात गेला तो परतलाच नाही. ती भिंतीवरच्या संत जॉर्जच्या चित्राशी बोलते, रागावते, मुलाला परत आण म्हणते. मुली ऑस्ट्रेलियाहून फोन करतात, निघून ये म्हणतात. म्हातारी हलत नाही. तो शिवलेला देह दारात येतो तेव्हा ती त्याला दानिएल म्हणून घरात घेते, मुलाचे कपडे देते. त्या राक्षसाला साऱ्या बगदादमध्ये नाव दिले ते तिने एकटीने.

या निकालानंतर बरोबर सहा आठवड्यांनी मोसुल शहर पडले. जुलैत ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर 'नून' हे अरबी अक्षर रंगविले गेले. 'नस्रानी', म्हणजे नाझरेथकराचा अनुयायी, या शब्दाचे ते पहिले अक्षर. एकदोन दिवसांत पिढ्यान्‌पिढ्यांची कुटुंबे बाहेर पडली. २००३ पूर्वी इराकमध्ये दहा लाखांहून अधिक गणले जाणारे ख्रिस्ती आता त्याच्या एका लहानशा अंशावर आले आहेत.

त्यानंतरही पुरस्कार चालू राहिला. २०१९ साली लेबनॉनच्या हुदा बरकात यांना तो मिळाला. २०२४ साली बासिम खंदकजी या पॅलेस्टिनी लेखकाला मिळाला, तेव्हा ते इस्रायलच्या तुरुंगात होते आणि पारितोषिक त्यांच्या वतीने दुसऱ्यांना घ्यावे लागले. पण २००९ ते २०१४ या अवघ्या सहा वर्षांत ख्रिस्ती माणसे अशी वारंवार विजेत्या पुस्तकांतून आली, तेही अरबी ख्रिस्ती जग डोळ्यांदेखत विरळ होत असताना. परीक्षक दरवर्षी निराळे, तेव्हा यात कोणाची योजना नव्हती.

मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस मोसुलला गेले आणि चार चर्चच्या भग्नावशेषांमध्ये उभे राहून त्यांनी मृतांसाठी प्रार्थना केली. एलिश्वा तेव्हा बगदादमध्ये नव्हती. कादंबरीच्या अखेरीस तिचा नातू तिला न्यायला येतो. तो हुबेहूब दानिएलसारखा दिसतो, नावही तेच. संत जॉर्जने आपले ऐकले असे म्हातारीला वाटते आणि ती घर सोडून त्याच्याबरोबर निघते.