टाच-चवडा पद्धत आणि पेडलांची उंची

सापुताऱ्याहून वघईमार्गे सुरतेकडे उतरताना चालक जी ‘टाच-चवडा’ पद्धत वापरतो, तिच्यात डाव्या पायाने क्लच दाबलेला असताना उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक धरून त्याच पायाच्या टाचेने किंवा बाहेरच्या कडेने ॲक्सिलरेटर क्षणभर दाबला जातो, जेणेकरून इंजिनाचे फेरे खालच्या गिअरला साजेसे वाढतात आणि क्लच सोडताना चाकांना हिसका बसत नाही. सिंक्रोमेशमुळे, म्हणजे गिअरची दातेरी चाके जुळण्याआधी त्यांचा वेग समान करणाऱ्या कड्यांमुळे, आजच्या मोटारीत गिअर एरवीही पडतोच. तेव्हा शर्यतीबाहेर ही बरीचशी हौसच. पाय चुकून ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींवर पडू नये म्हणून ब्रेकचे पेडल मुळात उंच ठेवलेले असते, त्यामुळे दोहोंच्या उंचीतला फरक ब्रेक जोरात दाबलेला असताना मोजावा लागतो. त्या स्थितीत ब्रेक ॲक्सिलरेटरच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावा. ॲक्सिलरेटरवर जाड पट्टी घट्ट बसवून हे साधते. ब्रेकच्या दांड्याची लांबी बदलणे मात्र घातक, कारण पेडलाची मोकळी चाल संपल्यास पाय काढल्यावरही ब्रेक घासत राहून तापतो आणि उतारावर त्याची पकड जाते.