खुब्याच्या हाडाचा तात्पुरता ठिसूळपणा

खुबा दुखू लागला की आपल्या घरांत ‘वात असेल’ किंवा ‘वय झालं आता’ म्हणून विषय मिटतो. पण पडणे-झडणे काही नसताना जांघेत कळ येऊ लागली, काही आठवड्यांत वाढत गेली, पाय टेकला की ठणका आणि आडवे झाले की आराम, असे असेल तर एका वेगळ्या आजाराचा विचार करायला हवा. डॉक्टर त्याला ‘ट्रान्झियंट ऑस्टिओपोरोसिस ऑफ द हिप’ म्हणतात. यात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि त्याखालची मान काही काळ विरळ होते.

म्हातारपणीच्या ऑस्टिओपोरोसिसशी याची गल्लत नको. तो सगळ्या सांगाड्यात पसरतो आणि हाड मोडेपर्यंत सहसा दुखतही नाही. हा बहुधा एकाच सांध्यापुरता असतो आणि चांगलाच दुखतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत ही अल्प मुदतीची उचल, बुडीत खाते नव्हे. साधारण सहा महिने ते वर्षभरात हाड आपणहून भरून येते. नेमके कारण मात्र अजून सापडलेले नाही.

हा मुख्यतः मध्यमवयीन पुरुषांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतल्या स्त्रियांना होतो. १९५९ साली कर्टिस व किनकेड या अमेरिकन डॉक्टरांनी त्याचे पहिले वर्णन केले, ते तीन गरोदर स्त्रियांवरूनच. तेव्हा लेकी-सुनांचे असे दुखणे ‘दिवस भरत आले की व्हायचंच’ म्हणून झटकू नये.

सुरुवातीच्या एक्स-रेत बहुधा काहीच दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडाच्या मगजातली सूज लवकर कळते. अडचण अशी की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून होणारा ‘एव्हीएन’ हा आजारही प्रथम असाच भासू शकतो, आणि त्यात पुष्कळदा शस्त्रक्रियेची पाळी येते. म्हणून ऑपरेशनचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या अस्थितज्ज्ञाला रिपोर्ट जरूर दाखवावा. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

उपचार साधा आहे, पण पाळायला कठीण: त्या पायावर भार टाकायचा नाही. कुबड्या किंवा वॉकर, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके, पुढे फिजिओथेरपी. काठी धरायची लाज वाटून तसेच चालत राहिल्यास विरळ झालेली मान मोडू शकते. मालिशने हाड भरत नाही.

पुढे कधी दुसरा खुबा किंवा गुडघाही असाच धरू शकतो. जुने रिपोर्ट फाइलला लावून ठेवावेत.