रुपयाचा दुष्काळ : महामंदी आणि छत्तीसगढचा शेतकरी

रायपूरच्या रेल्वे स्थानकापलीकडे गुढियारी ही वस्ती आहे. मूळचे हे एक खेडे. शहर वाढत गेले आणि त्याने ते आपल्यात सामावून घेतले. धान्य आणि किराणा यांच्या ठोक व्यापारासाठी ही वस्ती रायपुरात ओळखली जाते. छत्तीसगढच्या अर्थजीवनाचे दोन आधार, धान आणि रेल्वे, येथे एकमेकांच्या शेजारी आढळतात. १९२९ नंतरच्या जागतिक महामंदीचा आघात या प्रदेशावर झाला तो नेमका या दोहोंच्या सांध्यावर. न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराचे नावही ज्याने कधी ऐकले नव्हते, त्या शेतकऱ्याच्या कोठीतील धानाचे मोल त्या दूरच्या उलथापालथीने बदलून टाकले. हे कसे घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

छत्तीसगढला संकट नवे नव्हते. १८९७ आणि १९०० या सालांचे दुष्काळ या प्रदेशाने भोगले होते. नागपूरहून आसनसोलकडे जाणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग १८९१ मध्ये पुरा झाला आणि येथील तांदूळ दूरच्या बाजारांत जाऊ लागला. चांगल्या वर्षी त्यामुळे भाव मिळे. वाईट वर्षी मात्र साठ्याला ठेवावयाचे धान्य आधीच निघून गेलेले असे. दुष्काळाची ओळख सोपी असते: पाऊस पडत नाही, शेत करपते, माणसे गाव सोडतात, सरकार खडी फोडण्याची कामे काढते आणि पुढे त्यावर अहवाल लिहिले जातात. मंदीचे तसे नव्हते. शेतात धान उभे होते, खळ्यावर रास पडत होती, पण त्या राशीचे रुपये होत नव्हते. ज्या आपत्तीत उपासाची छावणी उघडत नाही, ती आपत्ती म्हणून नोंदलीही जात नाही. म्हणूनच छप्पनच्या दुष्काळाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आणि मंदीची वर्षे मात्र इतिहासाच्या पानांत कोरड्या आकड्यांपुरती उरली.

ते आकडे बोलके आहेत. जुलै १९१४ चे भाव १०० धरले, तर कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक १९२९ मध्ये १४१ होता. १९३१ मध्ये तो ९६ वर आणि १९३३ मध्ये ८७ वर आला. तांदळाची घसरण विशेषतः १९३० च्या अखेरीस आणि १९३१ च्या आरंभी तीव्र झाली. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत असल्यामुळे तेथला स्वस्त झालेला तांदूळ विनाजकात येथे उतरत होता. पेढ्यांनी आणि सावकारांनी हात आखडता घेतल्यावर मधल्या व्यापाऱ्याजवळ माल उचलण्यास पैसा उरला नाही. त्यातच १९२७ मध्ये रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा ठरविला गेला होता. तो टिकविण्यासाठी सरकारने चलनाचा पुरवठा आवळून धरला आणि भावांच्या घसरणीला आळा घालण्याचे एक साधन स्वतःच बाजूला ठेवले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. भाव उतरल्याने सर्वांचेच सारखे नुकसान होत नाही. ज्याचे येणे रुपयांत ठरलेले असते तो अशा काळात सुखावतो. ज्याचे देणे रुपयांत ठरलेले असते तो बुडतो. छत्तीसगढच्या कास्तकाराचे पीक काठ्या-खंडीच्या मापाने मोजले जाई आणि त्याचा सारा मात्र रुपये-आण्यांत ठरलेला असे. रायपूर जिल्ह्याचा सुधारित महसूल बंदोबस्त याच काळाच्या आगेमागे झाला. ते काम ज्यांनी पाहिले ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख पुढे १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. बंदोबस्त कितीही काळजीने केला, तरी एकदा ठरलेली रक्कम अनेक वर्षे तशीच राहावयाची, हे त्या पद्धतीचे मूळ तत्त्व होते. समजा, एखादा कास्तकार १९२८ मध्ये पाच खंडी धान विकून सारा भरत असेल, तर भाव निम्म्यावर येताच त्याच रकमेसाठी त्याला दहा खंडी विकावे लागत. त्याचा सारा कोणी वाढविला नव्हता. तरीही तो दुप्पट झाला होता. सावकाराच्या खतावरील आकड्याचेही हेच झाले.

याउलट, गावातील जे व्यवहार धान्यात चालत ते काही अंशी या वादळाच्या आडोशाला राहिले. शेतावर राबणाऱ्या कमियाची मजुरी, न्हावी-धोबी-लोहार यांना मिळणारा वार्षिक वाटा, सवाई-दिढीने फेडावयाची धानाची ‘बाढी’, ही सारी देणीघेणी मापाने होत. भाव उतरला म्हणून काठा लहान झाला नाही. परंतु हा आडोसा अपुरा होता. मालकाजवळ रोकड नसली की कामे कमी होतात, आणि गावाबाहेर जाऊन चार पैसे मिळवावेत, तर त्या वर्षांत गिरण्या आणि कारखानेही संकटात होते. वऱ्हाडात तर कापूस हेच पीक आणि कापूस हाच पैसा. तेथे आडोसा शोधण्यासही जागा नव्हती.

अशा वेळी घरात मोडण्यासारखे काय असते? सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले, रुपया पौंडाशी बांधलेलाच राहिला आणि सोन्याचा रुपयांतील भाव चढला. पुढील काही वर्षांत सुमारे ३०० कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले. सरकारदरबारी याला नफ्याची विक्री म्हटले गेले. राष्ट्रीय पक्षाने त्याला नाव दिले ‘संकटातले सोने’. पण छत्तीसगढच्या शेतकरी स्त्रीच्या अंगावर सोने असे कोठे? तिची सुता, ऐंठी, नागमोरी, करधन हे सारे दागिने प्रायः चांदीचे. आणि चांदीचा भाव त्याच सुमारास जगभर कोसळला होता. श्रीमंताची ठेव महाग झाली आणि गरिबाची ठेव, नेमकी मोडावयाच्या वेळी, स्वस्त झाली. मंदीची विषमता याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

सरकारने आपली तूट भरून काढण्यासाठी १९३१ च्या अखेरीस करांवर पाव हिश्शाचा अधिभार बसविला. मिठावरील कर मणामागे १ रुपया ४ आण्यांवरून १ रुपया ९ आणे झाला. धान स्वस्त आणि मीठ महाग, असे हे दिवस होते. १९३० च्या सविनय कायदेभंगाला रायपूर जिल्ह्यात जो पाठिंबा मिळाला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे. रुद्री-नवागाव आणि तमोरा येथील जंगल सत्याग्रहांत चराई आणि सरपण यांचा प्रश्न होता; ठाकूर प्यारेलाल सिंह यांनी पट्टे न घेण्याचा प्रचार केला तो लगानाच्या प्रश्नावर. त्या लढ्याच्या अग्रभागी असलेले वामनराव लाखे हे रायपूरच्या मराठी समाजातील. १९१३ मध्ये तेथे सहकारी बँक उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा, हा त्या उद्योगाचा हेतू. मंदीने मात्र सहकारालाही कठीण कसोटीला लावले. कारण सहकारी कर्जही अखेर रुपयांतच फेडावयाचे होते, आणि प्रांतभर पतसंस्थांची थकबाकी साचत गेली.

या अनुभवातून एक कायदा निघाला. १९३३ चा मध्य प्रांत कर्ज तडजोड कायदा हा हिंदुस्थानातील आपल्या प्रकारचा पहिला कायदा होय. ऋणको आणि धनको यांना मंडळापुढे बसवून कर्जाची रक्कम फेडीच्या शक्तीइतकी उतरवावी आणि तिचे हप्ते बांधून द्यावेत, अशी त्याची योजना होती. पंजाब, बंगाल, मद्रास आदी प्रांतांनी पुढे याच दिशेने कायदे केले. १९३४ मध्ये सावकारीचे नियमन आले. या उपायांची मर्यादाही उघड होती. जुने कर्ज कमी झाले, पण नवे कर्ज मिळेनासे झाले. आणि पेरणीच्या वेळी बियाणे कोठून आणावयाचे, हा प्रश्न कोणत्याही तडजोड मंडळापुढे येत नव्हता. तथापि करार पाळणे हा ऋणकोचा धर्म असला, तरी नाण्याचे मोलच बदलले असता तो करार जसाच्या तसा उगविणे न्याय्य नव्हे, हे तत्त्व राज्यसत्तेने येथे प्रथम मान्य केले.

मालगुजारी १९५१ मध्ये संपली. १९६५ मध्ये शेतमालाच्या भावांसाठी आयोग आणि धान्यखरेदीसाठी अन्न महामंडळ स्थापन झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झालेल्या छत्तीसगढ राज्यात धानाचा खरेदीभाव हा निवडणुकीच्या राजकारणातील पहिल्या प्रश्नांपैकी एक ठरला. २०२३-२४ च्या हंगामात तो क्विंटलला ३१०० रुपये होता. या साऱ्याचे एकमेव कारण मंदी होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पीक येणे आणि शेतकरी तरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांनी जितक्या कठोरपणे दाखवून दिले, तितके कोणत्याही दुष्काळाने दाखविले नव्हते. दुष्काळाचा इतिहास लिहिताना आपण पावसाच्या नोंदी पाहतो. मंदीत सामान्य माणसाने काय सोसले हे समजून घ्यावयाचे, तर त्याच्या कोठीतील माप आणि त्याच्या खतावरील आकडा, ही दोन्ही एकत्र ठेवून वाचली पाहिजेत.