निकेल, तांबे-निकेल आणि खोटे नाणे : विसाव्या शतकातील भारतीय चलनाचा एक धातुशास्त्रीय मागोवा

नाणकशास्त्रात राजमुद्रा, लेख व टांकसाळ यांची चर्चा विपुल आढळते; धातूच्या गुणधर्मांची मात्र त्या मानाने उपेक्षा झालेली दिसते. वस्तुतः विसाव्या शतकात भारतीय नाण्याने तांबे-निकेलकडून शुद्ध निकेलकडे आणि तेथून पुन्हा तांबे-निकेलकडे जो प्रवास केला, त्याची कारणे बऱ्याच अंशी या गुणधर्मांतच दडलेली आहेत. हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. खोटे नाणे अखेरीस ज्याच्या हाती उरते तोच बुडतो आणि तो बहुधा मजूर किंवा किरकोळ विक्रेता असतो. तेंदूपाने व बांबू यांच्या मजुरीवर चालणाऱ्या वडसा (देसाईगंज) परिसरातील आठवडी बाजारांत नाण्याचा खरेपणा हा रोजच्या भाकरीचा प्रश्न होता.

तांबे व निकेल कोणत्याही प्रमाणात एकमेकांत पूर्णपणे मिसळतात. पंचाहत्तर टक्के तांबे व पंचवीस टक्के निकेल असा मिश्रधातू तांब्याचा लाल रंग टाकून रुपेरी दिसतो, सहसा गंजत नाही आणि ठशाखाली चांगला उठतो. याच जातीच्या मिश्रधातूची नाणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात बॅक्ट्रियाच्या ग्रीक राजांनी पाडली होती, ही गोष्ट आजही अभ्यासकांना चकित करते. शुद्ध निकेल अधिक कठीण असते. ते १४५५ अंश सेल्सिअसला वितळते, तर वरील मिश्रधातू सुमारे १२०० अंशांच्या आसपास. दोहोंची घनता जवळजवळ सारखीच असल्याने वजनावरून त्यांत फरक करता येत नाही. खरा भेद लोहचुंबकाचा आहे : निकेल चुंबकाला चिकटते, पंचवीस टक्के निकेलचा मिश्रधातू चिकटत नाही.

१९०६ च्या नाणे कायद्यानंतर मुंबईच्या टांकसाळीत १९०७ पासून तांबे-निकेलचा नागमोडी कडांचा एक आणा पडू लागला व तो लोकांच्या पसंतीस उतरला. पहिल्या महायुद्धात चांदी कमालीची महागली. तेव्हा १९१८ मध्ये चौकोनी दोन आणे, तर १९१९ मध्ये अष्टकोनी चार आणे व गोल आठ आणे याच मिश्रधातूत आले. येथे हिशेब चुकला. एका आण्याचे खोटे नाणे करण्यात फारसा लाभ नव्हता. आठ आण्यांच्या नाण्यात तो भरपूर होता. खोटे नाणे करणाऱ्यास मूळ मिश्रधातू साधण्याची गरजही नसते, रुपेरी दिसणारा कोणताही स्वस्त धातू पुरतो. चांदीचा रुपया वाजवून घेण्याची लोकांना सवय होती. या नव्या नाण्याला अशी सोपी कसोटी नव्हती. आठ आण्यांचे हे नाणे थोड्याच वर्षांत मागे घ्यावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात हीच अडचण अधिक तीव्रतेने पुढे आली. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. शिवाय अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करावयाची होती. १९४६ मध्ये पाव व अर्धा रुपया आणि १९४७ मध्ये रुपया शुद्ध निकेलचा झाला. त्यावर वाघाची आकृती होती. निकेलची भट्टी चोरट्या कारखान्यात पेटविणे कठीण, आणि शिसे-कथलाचे बनावट नाणे चुंबकापुढे उघडे पडणारे. अर्थात हा लाभ फुकटचा नव्हता. कठीण धातूमुळे ठसे लवकर झिजत आणि चकत्यांना अधिक उष्णतेने मऊ करावे लागे. चांदीच्या रुपयाला धातू म्हणूनही मोल होते आणि गोंड स्त्रियांच्या गळ्यातील रुपयांच्या माळा ही एक प्रकारची बचतच होती. ती निकेलला नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

१९५७ च्या दशमान पद्धतीत ही विभागणी विचारपूर्वक दिसते : दोन, पाच व दहा पैसे तांबे-निकेलचे, पंचवीस व पन्नास पैसे निकेलचे. १९६२ चा दहा ग्रॅमचा रुपयाही निकेलचाच. परंतु निकेल आयात करावे लागे, आणि १९६९ मधील कॅनडातील खाणकामगारांच्या संपामुळे जगभर त्याचे भाव भडकले. १९७२ पासून पंचवीस व पन्नास पैसे आणि १९७५ मध्ये रुपया तांबे-निकेलकडे वळला. नव्या रुपयाचा व्यास तोच राहिला. वजन मात्र आठ ग्रॅम झाले. स्वस्ताईसाठी चुंबकाची कसोटी सोडून दिली गेली, असे म्हणावे लागते.

ती परत आली १९८८ मध्ये, दहा, पंचवीस व पन्नास पैशांच्या स्टेनलेस स्टीलच्या नाण्यांबरोबर. क्रोमियमयुक्त हे पोलाद चुंबकाला चिकटते, गंजत नाही आणि निकेलपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. १९९२ मध्ये रुपयाही त्याच धातूचा झाला. दोन व पाच रुपयांची तांबे-निकेलची नाणी त्यानंतरही काही वर्षे पडत राहिली.