रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण माणूस अजून उठलेला नाही : विषाणूच्या आजारानंतरचं मन

"रिपोर्ट तर निगेटिव्ह आला, मग आता काय झालं?" कोरोनातून उठलेल्या कितीतरी जणांना आपल्याच घरात हा प्रश्न ऐकावा लागला. ताप गेला, ऑक्सिजन नॉर्मल झाला. तरी अब्बा दुकानावर जायला तयार नाहीत. अम्मी गॅसवर दूध ठेवून विसरतात. तरुण मुलगा रात्री दोन वाजता छातीवर हात धरून उठून बसतो. आपण त्याला आळस म्हणतो, कुणी नजर लागली म्हणतं, आणि एखादे नातेवाईक "ईमान कमजोर झालंय" असंही बोलून जातात. हे शेवटचं वाक्य आजारी माणसाला सगळ्यात जास्त लागतं.

या अवस्थेला नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये तिची व्याख्या केली. आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या सुमारास दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं म्हणजे कोविडोत्तर अवस्था. थकवा, धाप लागणं, विसरायला होणं आणि लक्ष न लागणं ही त्यातली मुख्य लक्षणं. त्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २ लाख ३६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यातले बहुतेक रुग्ण अमेरिकेतले होते. सहा महिन्यांत सुमारे एक तृतीयांश लोकांच्या नावावर मेंदूच्या किंवा मनाच्या आजाराची नोंद होती, आणि चिंतेचा विकार त्यात सर्वाधिक होता. काहींना हा त्रास आधीपासूनच होता. पण साधारण १३ टक्के लोकांना तो पहिल्यांदाच झाला होता.

हे फक्त कोरोनाचं नाही. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने दुखतात, डेंग्यूनंतर कित्येक आठवडे अंगात त्राण राहत नाही. रोजंदारीवरचा माणूस इतके दिवस घरी बसला की मन खचतंच.

कारणं एकात एक गुंतलेली असतात. संसर्गाशी लढताना शरीरात सूज येते, ती मेंदूलाही त्रास देते. उपचारात स्टेरॉइड दिलं असेल तर झोप उडते, चिडचिड वाढते, साखरही चढते. अतिदक्षता विभागात राहिलेल्यांना मशीनचे आवाज पुढे स्वप्नात येतात. म्हणून "मनाचं आहे" असं ठरवण्याआधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. यातलं काही बिघडलं तरी माणूस उदास आणि गळून गेल्यासारखा दिसतो.

आणि दुःखाचं काय? २०२० आणि २०२१ मध्ये कित्येक घरांना आपल्या माणसाला गुस्ल देता आला नाही, जनाज्याला मोजकीच माणसं होती. जी बाई स्वतः कोरोनातून उठली आणि त्याच आठवड्यात बेवा झाली, तिचा थकवा, तिची जागरणं सगळ्यांनी इद्दतीच्या दुःखात धरली. तिला डॉक्टरकडे न्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. इद्दतीत गरजेच्या उपचारासाठी बाहेर पडता येतं. शंका असेल तर जवळच्या आलिमांना विचारा, पण चार महिने दहा दिवस थांबू नका.

आपल्या जिल्ह्याला हे अनोळखी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा आणि लोहारा भागातल्या लोकांनी पाहिलंय की घर पुन्हा उभं राहतं, पण रात्रीची दचक पुढे कित्येक वर्षं जात नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्याने मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला, त्यात तेव्हाचा उस्मानाबादही होता. आशाताईंनी घरोघर जाऊन मनाची विचारपूस करावी, अशी त्यात सोय होती. म्हणजे गावातल्या आशाताईंशी या विषयावर बोलणं काही वेगळं किंवा लाजेचं नाही.

दीनदार घरांत एक प्रश्न हमखास येतो : दुआ करायची की गोळी घ्यायची? आम्हाला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. बल्ख इथले अबू जैद अल-बल्खी हे दहाव्या शतकातले मुस्लिम विद्वान. त्यांनी शरीर आणि मन दोघांच्या तंदुरुस्तीवर एकच ग्रंथ लिहिला, आणि उदासी, भीती, वसवसा यांना उपचार लागणारे त्रास मानलं. दुआ चालू ठेवा, दम करून घ्या, पण त्यासाठी डॉक्टरची गोळी बंद करायला कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, झोप किंवा भूक बिघडणं, आवडीच्या गोष्टीतही मन न रमणं, आपण घरावर ओझं आहोत असं वाटणं, यातलं बरंच काही एकत्र दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. घरातून बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. माणूस मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर मात्र उद्यावर ढकलू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध आणि गोळ्या लगेच हलवा.

जाताना डिस्चार्ज कार्ड, सगळ्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. चिठ्ठी इंग्रजीत असते, म्हणून तिथेच विचारा : ही गोळी कशासाठी, किती दिवस, जेवणाआधी की नंतर? नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका आणि बरं वाटलं म्हणून एकदम सोडूही नका. त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. झोपेच्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

घरातल्यांनी कामाची घाई करू नये. काहींना थोडं जास्त चालल्यावर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागतं. अशा माणसाला "हिंमत कर" म्हणण्यापेक्षा कामाचे तुकडे करून द्या. नमाज बसून पढायची सवलत आहे, ती घेऊ द्या.

रमजान जवळ आला की गोळ्या चालू असलेल्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावं. बऱ्याच गोळ्यांच्या वेळा सहेरी आणि इफ्तारला बसवता येतात. लिथियम चालू असेल तर मात्र स्वतःच्या मनाने रोजा धरू नका. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. आजारी माणसाला रोजाची सूट आहे, आणि मनाचा आजारीही आजारीच असतो.