मापाचें माप

निरवांगी गांव ज्या इंदापूर तालुक्यांत वसलें आहे, त्या तालुक्याचें नांव महसुलाच्या इतिहासांत कायमचें राहिलें आहे. प्रिंगलसाहेबांची जमीनमोजणी व आकारणी १८३० च्या सुमारास येथें लागू झाली, आणि तिच्या भाराखालीं रयत गांवें सोडून जाऊं लागली. पुढें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नवी पाहणी करून १८३६ सालीं तीस वर्षांच्या मुदतीचा बंदोबस्त प्रथम इंदापुरांत केला. मुंबई इलाख्याच्या साऱ्या पाहणीचा पाया तोच.

या पाहणींत जी सांखळी रूढ झाली ती ३३ फुटांची. तिचे १६ भाग, प्रत्येकाचें नांव आणा. सांखळीचा चौरस म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हिशेब किती सुटसुटीत! परंतु सांखळी पडली लोखंडाची. रोज ओढून तिच्या कड्या झिजतात, ताणतात, आणि ती नकळत लांब होते. ३३ फूट म्हणजे ३९६ इंच. हीच सांखळी ४०० इंच झाली तरी मोजणाराच्या वहींत ती ३३ फूटच राहते. मग प्रत्यक्ष ४० गुंठ्यांचें शेत कागदावर ३९ गुंठ्यांहून थोडेंच अधिक भरतें. चार इंचांत पाऊण गुंठा नाहींसा! सारा भरणाऱ्या कुळाला हें गोडच लागेल म्हणा; पण भाऊबंदांच्या वांटणींत एकाचा वांटा ताणलेल्या सांखळीनें व दुसऱ्याचा नव्या सांखळीनें मोजला गेला, तर तंटा ठरलेलाच. म्हणून सांखळी वेळोवेळीं पक्क्या अंतराशीं ताडून पाहण्याची रीत भूमापनांत पडली. शेत मोजण्याआधीं सांखळी मोजावयाची.

संगणकाचा ‘माउस’ हीहि एक सांखळीच आहे. १९६४ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं पहिला माउस घडविला. तो लांकडी होता, व त्याच्या पोटाशीं काटकोनांत बसविलेलीं दोन चाकें होतीं. पुढें चाकांच्या जागीं गोळी आली, नंतर प्रकाश. आजच्या माउसमधील इवलासा कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाचीं चित्रें सेकंदाला हजारों वेळां टिपतो, आणि लागोपाठच्या चित्रांवरून हात किती सरकला तें कळवितो. हालचालीच्या या लहानांत लहान नगाला संगणकवाल्यांनीं डिस्नेच्या उंदरावरून ‘मिकी’ असें लाडकें नांव ठेविलें. एका इंचाला किती मिकी, ही माउसची संवेदनशीलता. वेष्टनावर ८०० छापलेलें असतें. परंतु भिंगाची उंची आणि खालचा पृष्ठभाग यांप्रमाणें खरा आंकडा हटतो.

तो काढावयाचा कसा? पडद्यावरील बाण साक्षीला घेऊं नये. हात जलद फिरला कीं संगणक बाणाला अधिक पळवितो, आणि पडद्याच्या कडेला बाण थांबतो, हात थांबत नाहीं. माउसकडून आलेले मिकी जसेच्या तसे नोंदविणारी योजना संगणकावर हवी. टेबलावर पोलादी पट्टी पक्की बसवावी, माउसची कड तिला टेकवावी, आणि तो तिरपा न होऊं देतां बरोबर १० इंच सरकवावा. समजा, ८२०० मिकी आले. म्हणजे इंचाला ८२०, छापील आंकड्याहून अडीच टक्के अधिक. एका खेपेवर विसंबूं नये. जातांना व येतांना पांचसहा वेळां मोजून सरासरी घ्यावी, आणि उभ्या दिशेची मोजणी निराळी करावी.

इतका खटाटोप सर्वांनाच हवा असें नाहीं. पत्र लिहिणाऱ्याला अडीच टक्के जाणवतहि नाहींत, कारण डोळा हाताची चूक वाटेंतच सांवरून घेतो. सांखळीला असा डोळा नव्हता. परंतु नकाशे रेखाटणारा किंवा जलद खेळ खेळणारा डोळ्याची वाट पाहत नाहीं. त्याचा हात संवयीनें धांवतो. त्याचा जुना माउस खरोखर ८०० चा असेल आणि नवा निघाला ८२० चा, तर बाण दर वेळीं थोडा पुढें जातो, आणि दोष हाताला लागतो. संगणकावरील वेग ८२० स ८०० या प्रमाणांत उतरविला, कीं तोच हात पुन्हा ठिकाणावर पडूं लागतो.