बेतणे: कापड वाया जायला सुरुवात कधी झाली?

१/ मराठीत कापड 'कापत' नाहीत, 'बेततात'. त्याच कुळातला 'बेताचा' हा शब्द आपण 'जेमतेम पुरेल इतका' या अर्थाने वापरतो. शिवणातील काटकसरीचा इतिहास या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे. आज तयार कपड्यांच्या कारखान्यात बेतताना साधारण १५ टक्के कापड कातरण म्हणून बाजूला पडते, असा अंदाज नेहमी दिला जातो. हे प्रमाण पूर्वीपासून असेच होते का? त्यावर हा धागा.

२/ यंत्रयुगापूर्वी कापड ही घरातील मोलाची वस्तू होती. एका विणकराच्या मागाला सूत पुरवण्यासाठी अनेक जणींना चरख्यावर बसावे लागे. इतक्या श्रमांचे वस्त्र वाकडेतिकडे कापून उरलेले फेकणे कोणालाच परवडणारे नव्हते. साडी, धोतर, उपरणे यांना तर कात्रीच लागत नाही. तेथे वाया जाणारे कापड शून्य.

३/ शिवलेल्या कपड्यांचे काय? डोरोथी बर्नहॅम या कॅनडातील वस्त्र-अभ्यासिकेने १९७३ साली 'कट माय कोट' या छोट्या पुस्तकात दाखवले, की पारंपरिक कपड्यांचा आकार बऱ्याच अंशी मागाच्या पन्ह्यावरून ठरत असे. युरोपातील जुने तागाचे सदरेही आयत आणि चौकोन जोडून शिवलेले असत. हात मोकळा हलावा म्हणून काखेत एक छोटा चौकोनी तुकडा बसवत. अंगाला साजेसे आणि कापडालाही साजेसे, असे ते बेतणे होते.

४/ याचे सर्वांत शिस्तबद्ध उदाहरण जपानी किमोनो. सुमारे ३६ ते ३८ सेंमी पन्ह्याचा आणि साधारण १२ मीटर लांबीचा एक तागा घ्यायचा आणि त्याचे सरळ रेषेत आठ तुकडे करायचे. उरत काही नाही. धुताना शिवण उसवून तुकडे पुन्हा जोडले, की मूळची लांब पट्टी परत मिळते. उसवता येईल असे शिवणे हीही एक विद्याच.

५/ आपल्याकडचा 'खण' आठवा. एका चोळीला पुरेल इतका तुकडा म्हणजे खण. येथे कपड्याचे माप विणतानाच ठरलेले असते. कळीदार अंगरख्यातही तेच तत्त्व दिसते. आयताला तिरपा छेद दिला की दोन कळ्या मिळतात. एक उलटी फिरवून जोडली की घेर वाढतो, कातरण मात्र पडत नाही.

६/ मग बदलले काय? वळणदार बेतणी युरोपात आधीपासून होती. पण ती घरोघरी पोहोचली एकोणिसाव्या शतकात. १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी शिवणयंत्राचे पेटंट घेतले. १८६३ पासून अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांचे मापवार कागदी नमुने विकले जाऊ लागले. इकडे कावसजी दावर यांची मुंबईतील कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. कापड स्वस्त झाले, श्रम वेगवान झाले आणि उरलेला तुकडा प्रथमच 'कचरा' ठरू लागला.

७/ युद्धाने ही सवय काही काळ मोडली. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने, आणि पुरुषाच्या एका सुटालाच २६ लागत. १९४२ मध्ये विजारीच्या दुमडलेल्या मोहरीवरही बंदी आली. १९४३ मध्ये सरकारने 'मेक डू अँड मेंड' ही पुस्तिका काढून रफू, ठिगळ आणि जुन्याचे नवे करण्याचे धडे दिले.

८/ त्याच १९४३ च्या जूनमध्ये भारतातही कापड आणि सुतावर नियंत्रणाचा आदेश निघाला. पण दोन्ही चित्रे सारखी नव्हती. बंगालमध्ये दुष्काळापाठोपाठ कापडाची इतकी टंचाई झाली, की अंगभर वस्त्र नसल्याने स्त्रियांना घराबाहेर पडणे अशक्य झाले. ज्याच्याकडे जुने कापड आहे त्यालाच 'आहे ते दुरुस्त करा' हा उपदेश लागू पडतो.

९/ म्हणून गोधडीकडे पाहताना थोडे थांबावे. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून, धावदोऱ्याने काठाकडून मध्याकडे भरत जाणारी ही वस्तू आज कौतुकाने प्रदर्शनात मांडली जाते. उत्तर जपानमधील गरिबांचे ठिगळांवर ठिगळे लावलेले 'बोरो' कपडेही आता संग्रहालयात आहेत. पण दोन्हींमागे थंडी होती, अभाव होता आणि बायकांचे कोणी न मोजलेले तास होते. माझ्या आजीला गोधडी 'सुंदर आहे' म्हटले, की ती म्हणायची, "तेव्हा दुसरं काय होतं?"

१०/ घरातून निघालेल्या कापडाचाही एक मार्ग होता. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण अनेकांना आठवत असेल. आपल्या नजरेआड झालेल्या कपड्याला तिच्या हातून दुसरा धनी मिळे. पुनर्वापराची ही व्यवस्था तिच्या पायपिटीवर उभी होती, हेही लक्षात ठेवावे.

११/ आज घरी शिवणाऱ्यांनी यातून काय घ्यावे? कात्री लावण्यापूर्वी सगळे भाग कापडावर मांडून पाहावेत. पन्हा मोजून मगच नमुना निवडावा. आयत आणि कळ्यांचे कपडे शिवून पाहावेत. तिरप्या तुकड्यांच्या पट्ट्या गळ्याला लावाव्यात, बारीक चिंध्या उशीत भराव्यात. आणि शिवणीत थोडे जास्तीचे कापड राखावे, म्हणजे कपडा पुढे सैल करता येतो.

१२/ या जास्तीच्या कापडाला शिवणकामात 'माया' म्हणतात. आजच्या कपड्यांत ती फारशी सापडत नाही. कपडा पुढे कोणी वापरेल हे गृहीतच धरलेले नसते. अभावाचे दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण हाती भरपूर असतानाही बेताने कापणे आपल्याला जमते का, हा प्रश्न मात्र आपल्याच पिढीचा आहे.

तुमच्या घरी गोधडी असेल, तर तिच्यात कोणाकोणाची वस्त्रे आहेत हे थोरांना विचारून लिहून ठेवा. तोही इतिहासच आहे.